तळ सुटलेली तळी

सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात फ्योदोर शेर्गिन नावाचा एका व्यापारी कंपनीचा कारभारी राहत असे. १८२८ साली त्यानं आपल्या आवारात विहीर खणायला घेतली. शहराच्या कडेनं लेना नदी वाहते, जगातल्या मोठ्या नद्यांपैकी एक. पण वर्षातले सहा-सात महिने ती बर्फाखाली असते. दारात पाणी असावं, एवढीच शेर्गिनची इच्छा. वरची मऊ माती लवकरच संपली आणि खाली कुदळीला दाद न देणारी गोठलेली जमीन लागली. ती कुठं तरी संपेल आणि मग पाणी लागेल, या आशेवर मजूर खणत राहिले. १८३७ पर्यंत विहीर ११६ मीटर खोल गेली. तळाशीही जमीन गोठलेलीच. पाणी लागलं नाही ते नाहीच.

कारभाऱ्याचा पैसा गेला, शास्त्राचा मात्र फायदा झाला. १८४४ साली अलेक्झांडर मिडेनडॉर्फ हा निसर्गशास्त्रज्ञ याकुत्स्कला पोहोचला आणि त्यानं त्या विहिरीच्या भिंतींत निरनिराळ्या खोलीवर तापमापक बसवले. खाली जावं तसतसं तापमान चढत होतं, पण तळाशीही ते शून्याच्या खालीच होतं. सायबेरियाची जमीन शेकडो फूट खोल गोठलेली आहे, ही गोष्ट तोवर पश्चिम युरोपातल्या काही नामवंत भूशास्त्रज्ञांना प्रवाशांची थाप वाटत असे. तिचा पुरावा मिळाला तो एका कोरड्या विहिरीत. आज याच शहरात गोठलेल्या जमिनीच्या अभ्यासाला वाहिलेली मेल्निकोव्ह संस्था आहे. शेर्गिनची विहीरही अजून आहे.

पर्माफ्रॉस्टच्या, म्हणजे या कायम गोठलेल्या जमिनीच्या, बातम्या आपल्याकडे येतात त्या बहुतेक तीन प्रकारच्या असतात. बर्फातून निघालेला मॅमथ, बर्फातून जागा होणारा विषाणू, आणि फुटायला टेकलेला ‘कार्बन बॉम्ब’. तिन्हींत थोडंफार तथ्य आहे आणि तिन्हींत नाट्य त्याहून जास्त आहे. पण त्या प्रदेशात राहणाऱ्या माणसांचे हाल ऐकायला, वाचायला लागलं, की तक्रार वेगळीच निघते. तळं आटलं. कुरणात पाणी साचलं. नदी नारिंगी झाली. घराखालची जमीन चिखल झाली. शेर्गिन पाणी शोधायला गेला आणि त्याला पर्माफ्रॉस्ट सापडला. आताची पिढी पर्माफ्रॉस्ट हरवताना पाहते आहे आणि तिचाही प्रश्न पाण्याचाच आहे. माझ्या मते ही गोष्ट सांगायची तर तापमापकाकडून नव्हे, पाण्याकडून सांगायला हवी.

सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंशाच्या वर न गेलेली कोणतीही जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. ती माती असेल, वाळू असेल, खडक असेल. तिच्यात बर्फ असलाच पाहिजे असंही नाही. उत्तर गोलार्धातल्या साधारण १५ टक्के जमिनीखाली ती आहे. एकट्या रशियाच्या जवळजवळ दोन तृतीयांश भूभागाखाली ती पसरलेली आहे. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर तिची जाडी सहाशे मीटरच्या पुढं जाते, याकुत्स्क ज्यात येतं त्या याकुतियात काही ठिकाणी हजार मीटरच्याही पुढं. या सगळ्याच्या वर एक पातळ थर असतो, तो दर उन्हाळ्यात वितळतो आणि दर हिवाळ्यात पुन्हा गोठतो. गवत, शेवाळ, झुडपं, मुळं, किडे, सगळं आयुष्य या वीतभर ते पुरुषभर थरात चालतं.

आता पावसाचा हिशेब पाहू. याकुत्स्कला वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे २४० मिलिमीटर पाणी पडतं. दुष्काळी म्हणून ज्याचं नाव आपण घेतो त्या माणदेशातही साधारण याच्या दुप्पट पडतं. अलास्काच्या टोकावरच्या उत्किआग्विकला तर दीडशे मिलिमीटरच्या आतच. एवढ्या पावसात तिथं खरं तर वाळवंट असायला हवं. प्रत्यक्षात विमानातून टुंड्रा पाहिली तर जमिनीपेक्षा पाणीच जास्त दिसावं, अशी तळ्यांची गर्दी. कारण सरळ आहे. पडलेलं पाणी खाली मुरत नाही. गोठलेली जमीन त्याला वरच्या वर धरून ठेवते. उन्हाळा लहान आणि थंड, त्यामुळं वाफही फारशी होत नाही. सगळ्या उत्तरेचं पाणी असं एका गोठलेल्या तळावर उभं आहे.

आणि तो तळ सुटू लागला आहे.

आर्क्टिक प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या मानानं जवळजवळ चौपट वेगानं तापला, असं फिनलंडच्या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली दाखवून दिलं. त्याच्या दोन वर्षं आधी, २० जून २०२० रोजी, याकुतियातल्या वेर्खोयान्स्क गावात ३८ अंश सेल्सिअस नोंदवलं गेलं. आर्क्टिक वर्तुळाच्या आत आजवर झालेली ही सर्वांत जास्त तापमानाची नोंद म्हणून जागतिक हवामान संघटनेनं मान्य केली. पण हवेचा उन्हाळा येतो आणि जातो. जमीन मात्र लक्षात ठेवते. जगभरच्या खोल विंधणछिद्रांतल्या मापनांचा ताळा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात २००७ ते २०१६ या काळात पर्माफ्रॉस्टचं तापमान सरासरी ०.२९ अंशानं वाढलेलं दिसलं. आकडा किरकोळ वाटेल. पण उणे पाच अंशावरची जमीन उणे साडेचारवर आली तर तिला काही होत नाही, आणि उणे पाव अंशावरची जमीन तेवढीच तापली तर ती जमीन राहत नाही.

त्यातही सगळी गोठलेली जमीन सारखी नसते. सायबेरियात आणि अलास्कात ‘येदोमा’ नावाचे गाळाचे जाड थर आहेत, हिमयुगात वाऱ्यानं आणि पाण्यानं आणून टाकलेले. त्यांच्या आकारमानात पन्नास ते नव्वद टक्के निव्वळ बर्फ असतो. हा बर्फ तिथं कसा आला, ते समजून घेण्यासारखं आहे. कडाक्याच्या हिवाळ्यात जमीन आकसते आणि तिला उभ्या चिरा पडतात. वसंतात बर्फाचं पाणी त्या चिरांत उतरतं आणि खालच्या थंडीनं लगेच गोठतं. पुढच्या हिवाळ्यात जमीन तिथंच पुन्हा फाटते, पुन्हा पाणी उतरतं. शेकडो, हजारो वर्षं हे चाललं की जमिनीत बर्फाच्या पाचरी तयार होतात, कित्येक मीटर रुंद आणि कित्येक मीटर खोल. या पाचरींचं जाळं वरून बहुकोनांच्या नक्षीसारखं दिसतं. प्रत्येक बहुकोनाच्या कडा उंच, मध्य खोलगट, आणि त्या खोलगटात साचलेलं पाणी.

उन्हाळा जरा लांबला, जरा जास्त तापला, की पाचरींचे माथे वितळतात. मग नक्षी उलटी होते. जिथं कडा होत्या तिथं चर पडतात आणि मध्यभाग उंचवट्यासारखा वर राहतो. सुरुवातीला या चरांत पाणी साचतं. काळं पाणी ऊन शोषतं, खालचा बर्फ आणखी वितळवतं, डबकं आणखी खोल होतं. पुढं हे चर एकमेकांना जोडले जातात, त्यांना उतार सापडतो, आणि सगळं पाणी वाहून जातं. अलास्का विद्यापीठातल्या आना लिलयेदाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली आर्क्टिकभरच्या निरनिराळ्या ठिकाणांची निरीक्षणं एकत्र करून हेच मांडलं. पाचरींचे फक्त माथे वितळले तरी आख्ख्या टुंड्राचा पाणलोट बदलतो, आणि तो दशकभरात बदलू शकतो. वितळण्याचं प्रमाण थोडं, परिणाम मोठा. भूशास्त्रात असा वेग फारसा पाहायला मिळत नाही.

म्हणजे एकाच कारणानं एक जागा बुडते आणि दुसरी कोरडी पडते. हे कोडं पहिल्यांदा नीट समोर आलं ते २००५ साली. लॉरेन्स स्मिथ आणि सहकाऱ्यांनी सायबेरियातल्या दहा हजारांहून जास्त मोठ्या तळ्यांची १९७३ सालची उपग्रहचित्रं १९९७-९८ सालच्या चित्रांशी ताडून पाहिली. पाव शतकात मोठ्या तळ्यांची संख्या १०,८८२ वरून ९,७१२ वर आली होती. १२५ तळी पूर्णपणे नाहीशी झाली होती, तिथं गवत उगवलं होतं. पण हीच चित्रं जिथं पर्माफ्रॉस्ट अजून सलग आणि जाड आहे त्या भागातली पाहिली, तर तिथं तळ्यांचं क्षेत्र उलट १२ टक्क्यांनी वाढलेलं. स्मिथ यांनी लावलेला अर्थ असा: आधी बर्फ वितळून जमीन खचते, खड्ड्यात पाणी साचतं, तळं मोठं होतं, मग एक दिवस तळ्याखालचा गोठलेला थर आरपार वितळतो आणि पाणी खाली निघून जातं. उत्तरेला पहिला अंक चालू आहे, दक्षिणेला दुसरा.

काही तळी खालून मुरत नाहीत, काठ फोडून पळतात. कॅनडाच्या युकॉन प्रांतात ओल्ड क्रो नावाचं गाव आहे. वुंतुत ग्विचिन लोकांचं हे गाव, वस्ती अडीचशेच्या आसपास, रस्ता नाही, जायचं तर विमानानं. गावाच्या उत्तरेला हजारो तळ्यांचा सखल प्रदेश आहे; वसंतात तिथं जाऊन मस्करॅट हे पाणथळ जागेतले प्राणी पकडायचे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. त्यातलं झेल्मा नावाचं मोठं तळं २००७ च्या उन्हाळ्यात जोराच्या पावसानंतर काठ फोडून काही आठवड्यांत बहुतांशी रिकामं झालं. मे २०१९ मध्ये या गावानं हवामानाची आणीबाणी जाहीर केली, तेव्हा जगातल्या मोठमोठ्या शहरांत अशा घोषणांची लाट होती. शहरांच्या घोषणा भविष्याबद्दल होत्या. ओल्ड क्रोची घोषणा होऊन गेलेल्या गोष्टींबद्दल होती.

पश्चिम अलास्कात तर २०१८ या एकाच वर्षात १९२ तळी फुटून वाहून गेली. त्याआधीचा हिवाळा विलक्षण उबदार आणि भरपूर बर्फाचा होता. इथं एक बारकावा आहे. बर्फ जास्त पडला तर जमीन जास्त थंड होईल असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात उलटं घडतं. भुसभुशीत बर्फाचा जाड थर जमिनीवर असला की हिवाळ्याची थंडी खाली पोहोचतच नाही. जमिनीला दर वर्षी जी गोठण्याची संधी मिळायची ती हुकते.

पुन्हा याकुतियाकडे येऊ, कारण गोठलेल्या जमिनीशी संसार कसा करायचा हे तिथल्या साखा लोकांइतकं कुणालाच माहीत नसेल. लेनाच्या दोन्ही बाजूंना ‘अलास’ म्हणतात तशा उथळ, गोल, गवताळ खोलगट जागा आहेत. हिमयुग संपताना येदोमातला बर्फ वितळला, जमीन खचली, तळी झाली, ती हळूहळू आटली आणि कुरणं उरली. मध्ये लहानसं तळं, भोवती गवत, त्याच्या भोवती सूचिपर्णी लार्चचं जंगल. साखा माणसं याच कुरणांवर घोडे आणि गाई पाळत आली. पर्माफ्रॉस्ट वितळला म्हणून निर्माण झालेल्या जमिनीवर एक संस्कृती उभी राहिली आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. पण ते वितळणं हजारो वर्षांत झालं होतं.

त्यांच्या पिण्याच्या पाण्याची तऱ्हा बघा. हिवाळा तोंडावर आला, तळ्यावरचा बर्फ पुरेसा जाड झाला, की गावातली माणसं तळ्यावर जमतात आणि बर्फाच्या लाद्या कापतात. त्या अंगणात रचून ठेवतात. हिवाळाभर एकेक लादी घरात आणायची, वितळवायची, प्यायची. उन्हाळ्यासाठीच्या लाद्या ‘बुलूस’मध्ये, म्हणजे गोठलेल्या जमिनीत खणलेल्या तळघरात, ठेवायच्या. तिथंच मांस, मासे, दूधदुभतं. विजेचा संबंध नाही. तळं आटलं तर पाणी गेलं, आणि तळघरात ओल शिरली तर साठवण गेली. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर इनुपियात लोक देवमाशाचं मांस अशाच तळघरांत ठेवतात. तिथंही तळघरांत पाणी शिरल्याच्या, ती खचल्याच्या तक्रारी गेली कित्येक वर्षं येताहेत.

चुरापचा हे याकुत्स्कच्या पूर्वेचं गाव. तिथला जुना विमानतळ आज पाहिला तर कुणी मुद्दाम शेकडो उंचवटे रचून ठेवलेत असं वाटतं. जंगल तोडून, जमीन सपाट करून तो बांधला होता. झाडं आणि शेवाळ गेली, जमिनीवरचं पांघरूण गेलं. खालच्या पाचरी वितळल्या आणि धावपट्टीची लाटालाटांची जमीन झाली. सोव्हिएत काळात नांगरलेल्या आणि नंतर पडीक टाकलेल्या शेतांचंही तेच झालं. त्यात २००५ नंतरची काही वर्षं मध्य याकुतियात नेहमीपेक्षा ओली गेली. वरचा थर खोलवर वितळला आणि पाण्यानं भरून राहिला. परिणाम असा की लार्चची उभी झाडं मुळाशी पाणी तुंबून मेली. वर्षाला २४० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात जंगल पाण्यात गुदमरून मरतं, हे वाचून मी ते वाक्य पुन्हा वाचलं होतं.

बातागाईचं विवर तर आता प्रसिद्धच झालं आहे. याकुतियातच, वेर्खोयान्स्कपासून फार लांब नाही. १९६० च्या दशकात तिथलं जंगल तोडलं गेलं, उतारावर एक घळ पडली, ती वाढत गेली आणि आज जवळजवळ एक किलोमीटर रुंद झाली आहे. तिच्या कड्यात उघडी पडलेली सर्वांत जुनी गोठलेली जमीन सुमारे साडेसहा लाख वर्षांची आहे. या काळात पृथ्वीवर हिमयुगांच्या मधले उबदार काळ अनेकदा येऊन गेले, काही आजच्याइतके किंवा थोडे जास्तच उबदार; ती जमीन टिकली. कुऱ्हाड मात्र तिला सोसली नाही. तेव्हा सगळं खापर हवामानावर फोडण्याआधी जरा थांबायला हवं.

उत्तर सायबेरियातल्या नोरिल्स्क शहराच्या बाबतीत तर नक्कीच. २९ मे २०२० रोजी तिथल्या औष्णिक वीजकेंद्रातली डिझेलची टाकी फुटली. सुमारे एकवीस हजार टन डिझेल बाहेर पडलं आणि त्यातलं बहुतेक अंबारनाया नदीत आणि तिला मिळणाऱ्या प्रवाहांत गेलं. उपग्रहचित्रांत नदी लाल दिसत होती. केंद्राच्या मालक कंपनीनं सांगितलं, पर्माफ्रॉस्ट वितळल्यानं टाकीचे खांब खचले. रशियाच्या औद्योगिक सुरक्षा खात्याच्या तपासात मात्र बोट रचना, बांधकाम आणि देखरेखीतल्या दोषांकडं दाखवलं गेलं. पुढं कंपनीला १४६ अब्ज रूबलची भरपाई द्यावी लागली. वितळणारी जमीन ही फार सोयीची आरोपी आहे. ती कोर्टात बोलत नाही.

आता नद्यांकडे. या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त गुंतवणारी गोष्ट कुठली असेल तर ती उत्तर अलास्कातल्या ब्रूक्स पर्वतरांगेची. हा मुलूख बहुतांशी राष्ट्रीय उद्यानांचा आणि अभयारण्यांचा. जिथं या गोष्टी घडताहेत तिथं खाण नाही, कारखाना नाही, रस्ताही नाही. तिथल्या स्वच्छ, तळ दिसणाऱ्या ओढ्यांचा रंग बदलू लागला. आधी वैमानिकांच्या, उद्यानातल्या कर्मचाऱ्यांच्या नजरेस आलं: काचेसारखा प्रवाह नारिंगी झालाय, काठच्या दगडांवर गंजासारखा थर बसलाय. राष्ट्रीय उद्यान सेवेतले जॉन ओ’डॉनेल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातले ब्रेट पूलिन यांच्यासह अनेकांनी मिळून त्याचा माग काढला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात असे ७५ ओढे आणि नद्या नोंदलेल्या आहेत. जुनी उपग्रहचित्रं मागं मागं तपासत गेल्यावर रंगबदलाची सुरुवात २००८ च्या आसपास सापडली.

कारण असं. या डोंगरांतल्या खडकांत पायराइटसारखी गंधकयुक्त खनिजं आहेत. खडक गोठलेला होता तोवर पाणी आणि ऑक्सिजन त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. आता वितळलेल्या फटींतून पाणी खोल उतरतं, खनिजांशी त्याची प्रक्रिया होते, गंधकाम्ल तयार होतं, आणि ते खडकातलं लोह विरघळवतं. हे पाणी झऱ्यातून बाहेर आलं, हवा लागली, की लोहाचा गंज होऊन तळाशी बसतो. कोळशाच्या आणि धातूंच्या सोडून दिलेल्या खाणींतून जे आम्ल पाणी झिरपतं, तीच ही रसायनक्रिया. फक्त इथं खाण कुणीच खणलेली नाही. काही ठिकाणी पाण्याचा सामू २.३ इतका खाली सापडला. एरवी तो आठच्या आसपास असायचा. लोहाबरोबर जस्त, निकेल, तांबं, कॅडमियम येतं.

अकिलिक नावाच्या एका लहान उपनदीत २०१७ ते २०१८ या एका वर्षात पाणी बदललं आणि तिथं सापडणारी डॉली व्हार्डन माशांची पिल्लं आणि स्कल्पिन मासे दिसेनासे झाले. गंजाचा थर तळाच्या दगडगोट्यांमधल्या जागा बुजवतो. माशांची अंडी आणि त्यांचं खाद्य असलेले किडे याच जागांत असतात. सॅमन नदी, जिला अमेरिकन संसदेनं १९८० साली ‘वन्य आणि निसर्गरम्य’ नदी म्हणून संरक्षण दिलं, तिच्यातल्या अनेक धातूंचं प्रमाण जलचरांना घातक ठरणाऱ्या मर्यादेपलीकडे गेल्याचं २०२५ साली प्रसिद्ध झालं. खाणीचं पाणी बिघडलं तर प्रक्रिया करता येते, कारण ते एका तोंडातून बाहेर येतं. इथं डोंगरच्या डोंगर झिरपतात. कायद्यानं नदी राखून ठेवता येते, पण तिच्या उगमाखालची थंडी राखून ठेवणारं कलम अजून कुणी लिहिलेलं नाही.

मोठ्या नद्यांचंही पाणी वाढलं आहे. येनिसेई, ओब, लेना, कोलिमा, पेचोरा आणि उत्तर द्विना या सहा नद्यांचा आर्क्टिक महासागरात जाणारा प्रवाह १९३६ ते १९९९ या काळात सात टक्क्यांनी वाढल्याचं २००२ साली दाखवलं गेलं. त्यात वितळलेल्या जमिनीचा थेट वाटा लहान, जास्त पावसाचा-बर्फाचा वाटा मोठा असं बहुतेकांचं मत आहे. पण हिवाळ्यातला प्रवाह वाढतो आहे, यामागं मात्र जमिनीखालून वाट सापडलेलं पाणी आहे असं मानलं जातं. पूर्वी जे पाणी वरून धावत जायचं ते आता मुरतं आणि हिवाळाभर झिरपत राहतं. जगातल्या महासागरांच्या पाण्यापैकी जेमतेम एक टक्का आर्क्टिक महासागरात आहे आणि नद्यांच्या पाण्यापैकी दहा टक्क्यांहून जास्त त्यात येऊन पडतं. नद्यांतला थोडा बदलही त्याला पोहोचतो.

कार्बनबद्दल न बोलता हा विषय संपवता येणार नाही. उत्तरेच्या गोठलेल्या जमिनीत सुमारे दीड हजार अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, आजच्या वातावरणातल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट. हजारो वर्षांची न कुजलेली मुळं, पानं, शेवाळ, हाडं. ती वितळली की सूक्ष्मजीव कामाला लागतात. पण ते काय सोडतात, हे पाणी ठरवतं. जमीन कोरडी आणि हवेशीर असली तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. पाण्याखाली असली तर मिथेनही, जो शंभर वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन सत्तावीस-अठ्ठावीस पट तापदायक आहे. अलास्कातल्या फेअरबँक्सजवळच्या तळ्यांवर केटी वॉल्टर अँथनी हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून वर येणारा वायू पेटवून दाखवतात. बर्फावर पुरुषभर उंच ज्वाळ उठते. म्हणून तळी वाढतात की आटतात, हा प्रश्न फक्त मस्करॅट पकडणाऱ्यांचा नाही. अचानक खचणारी, तळी होणारी जमीन पर्माफ्रॉस्ट प्रदेशाच्या एक पंचमांशाहूनही कमी आहे, पण गोठलेल्या कार्बनपैकी निम्म्यावर तिचा परिणाम होऊ शकतो असा अंदाज आहे. हवामानाच्या बहुतेक प्रतिमानांत जमीन वरून खाली सावकाश, समान वितळते असं धरलेलं असतं. खचणं, फुटणं, वाहून जाणं त्यांत नीट बसवलेलं नाही. बॉम्ब हा शब्द मला तरीही पटत नाही. बॉम्ब एकदा फुटतो आणि संपतो. ही शतकानुशतकं चालणारी गळती आहे, आणि तिचं प्रमाण अजून आपल्या हातात बरंच आहे.

या सगळ्याशी आपला संबंध काय, असं कुणी विचारलं तर एक उत्तर गोव्यात आहे. वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामार्फत भारताची पहिली आर्क्टिक मोहीम २००७ साली गेली. १ जुलै २००८ रोजी नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, नी-ओलेसुन या जुन्या कोळसा-खाणीच्या वस्तीत, ‘हिमाद्री’ हे भारताचं केंद्र सुरू झालं. समुद्रात खोल बसवलेली निरीक्षणयंत्रणा २०१४ पासून तिथल्या फ्योर्डमध्ये आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून ध्रुवीय रात्रीतही भारतीय तुकड्या तिथं काम करू लागल्या. त्याच स्वालबार्डमध्ये केंब्रिजच्या गॅब्रिएल क्लेबर आणि सहकाऱ्यांनी हिमनद्या मागं हटल्यावर उघड्या पडणाऱ्या झऱ्यांचं पाणी तपासलं. शंभराहून जास्त झरे, आणि जवळजवळ सगळ्यांत प्रमाणाबाहेर मिथेन. गोठलेल्या जमिनीच्या झाकणाखाली साठलेला वायू हिमनदीनं मोकळी केलेली वाट शोधून भूजलाबरोबर वर येतो आहे.

दुसरं उत्तर याच स्वालबार्डमधल्या बियाणांच्या तिजोरीत आहे. २००८ साली डोंगराच्या पोटात उघडलेल्या या साठ्यात जगभरची बियाणं आहेत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटनं तिथं ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर आणि भुईमूग ठेवले आहेत. म्हणजे आपल्या ताटातली भाकरी आणि वरण यांचा विमा तिथं उतरवलेला आहे. वीज गेली तरी भोवतालची गोठलेली जमीन बियाणं थंड ठेवील, असा हिशेब होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये बर्फाऐवजी पाऊस पडला आणि प्रवेशाच्या बोगद्यात पाणी शिरलं. ते आत जाऊन गोठलं, बियाण्यांपर्यंत पोहोचलं नाही. पुढं बोगदा नव्यानं, पाणी शिरणार नाही असा बांधावा लागला. जगबुडीतून वाचवण्यासाठी बांधलेल्या तिजोरीला पहिला धोका आला तो पावसाच्या पाण्याकडून.

अभियंते हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. अलास्काच्या तेलवाहिनीचा निम्म्याहून जास्त भाग १९७७ पासून जमिनीवर, खांबांवर आहे, आणि त्या खांबांत अमोनिया भरलेल्या सव्वा लाखाच्या आसपास नळ्या आहेत. हिवाळ्यात त्या जमिनीतली उष्णता वर खेचून हवेत सोडतात. वीज लागत नाही. तेलासाठी हे परवडलं. गावासाठी कोण करणार?

पश्चिम अलास्कात युकॉन आणि कुस्कोक्विम या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात युपिक लोकांची गावं आहेत. इथला पर्माफ्रॉस्ट पातळ आणि शून्याला टेकलेला. तो वितळला की जमीन खचते, नदीचा काठ ढासळतो, आणि समुद्राच्या पुराला गाव आणखी खाली सापडतं. न्यूटॉक या साडेतीनशे वस्तीच्या गावानं १९९४ साली स्थलांतराचा विचार सुरू केला. २००३ मध्ये अमेरिकन संसदेनं जमिनीच्या अदलाबदलीला मंजुरी दिली. पहिली कुटुंबं नदीपलीकडच्या मेर्तार्विकमध्ये, ज्वालामुखीच्या पक्क्या खडकावर, राहायला गेली २०१९ साली. उरलेली २०२४ मध्ये. तीस वर्षं. अमेरिकेत गाव हलवणं ही ज्याची जबाबदारी आहे असं एकही संघीय खातं नाही, म्हणून शाळा एका खात्याकडून, घरं दुसऱ्याकडून, धक्का तिसऱ्याकडून, असं मागत मागत ते गाव हललं.

किपनक याच किनाऱ्यावर आहे. तिथला ढासळता नदीकाठ बांधून काढण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं दोन कोटी डॉलरचं अनुदान मंजूर केलं होतं. सरकार बदललं आणि मे २०२५ मध्ये ते रद्द झालं. ऑक्टोबरमध्ये हालोंग चक्रीवादळाचे अवशेष बेरिंग समुद्र ओलांडून आले. किपनक आणि शेजारच्या क्विगिलिंगोकमध्ये घरं माणसांसकट तरंगत गेली. अनुदान असतं तरी पाच महिन्यांत काठ बांधून झाला नसता, हे खरं आहे. रद्द करणाऱ्यांनी तोच मुद्दा पुढं केला. शेकडो लोकांना लष्करी विमानांतून सुमारे आठशे किलोमीटरवरच्या अँकरेजला नेण्यात आलं. न्यूटॉकनं तीस वर्षं ठोठावली तीच दारं आता या दोन गावांना ठोठावायची आहेत, आणि त्यांतलं एक मे महिन्यातच बंद झालं आहे.